कात्रजच्या पिंजऱ्यातले आपले शेजारी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे प्राणिसंग्रहालय. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत प्राणिसंग्रहालय नाही. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यातलं, कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. इथल्या शाळांच्या सहली तिथं जातात, सुट्टीत आलेल्या भाच्यांना घेऊन मामा जातो. पोरं वाघ बघतात, हत्ती बघतात, आणि पुढं त्यांना बिबट्या दिसतो, लांडगा दिसतो, काळवीट, चिंकारा, मोर दिसतो.

आता ही दुसरी यादी जरा परत ऐका. बिबट्या, लांडगा, काळवीट, चिंकारा, मोर. ही सगळी आपल्याच भागातली मंडळी. घोड नदीच्या उसात बिबट्या आहे. दौंड-बारामतीच्या माळावर लांडगा आहे, चिंकारा आहे. शिरूर तालुक्यातलं एक गाव तर मोरांच्याच नावानं ओळखलं जातं, मोराची चिंचोली. म्हणजे आपण पुण्याला जाऊन, तिकीट काढून, आपलेच शेजारी बघून येतो. हे शेजारी तिथं पोचले कसे आणि यापुढं किती पोचणार, हे बरंचसं आपल्या हातात आहे. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच. पण तिथं जाण्याआधी थोडा इतिहास बघू.

पुण्यात प्राणी ठेवण्याची परंपरा पेशवाईतली. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा भारी नाद. पर्वतीच्या पायथ्याला त्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना म्हटलं तरी तिथं नुसती शिकारीची तयारी नव्हती, तर पाळलेले जंगली प्राणी होते. त्यात सिंह होता, गेंडा होता. हे आपल्याला इतक्या खात्रीनं सांगता येतं, कारण त्यांची चित्रं आजही आहेत. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता. त्याच्यासाठी गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकारानं १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या प्राण्यांची चित्रं काढली. त्यातला गेंडा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पेशव्यांच्या रमण्यातली माणसाळलेली काळवीटं वाद्यांच्या आवाजावर कशी येत आणि झोपाळ्यावर कशी बसत, याचीही हकिकत मॅलेटनं लिहून ठेवली आहे.

यात प्राणी कशासाठी होते? तर दौलतीसाठी. गेंडा दारात असणं म्हणजे लांबच्या मुलखापर्यंत आपला हात पोचतो हे दाखवणं. जगभर तेव्हा असंच होतं. राजे-रजवाडे प्राणी ठेवत आणि पाहुण्यांना दाखवत. सामान्य माणसाला तिथं प्रवेश नसे.

पुढं इंग्रजी अमलात हा प्रकार सार्वजनिक बागेत आला. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६० च्या दशकात सुरू झाली, कलकत्त्याचं अलीपूर १८७६ ला. पुण्याला मात्र त्यासाठी स्वातंत्र्यानंतरची वाट बघावी लागली. १९५३ साली पुणे महापालिकेनं सारसबागेला लागून पेशवे पार्क सुरू केला. म्हणजे पर्वतीच्या त्याच परिसरात, पण आता तिकीट काढणाऱ्या कोणालाही प्रवेश. १९५६ मध्ये तिथं फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. आज ज्यांचं वय साठीच्या पुढं आहे, त्यांनी पहिला वाघ बहुधा तिथंच बघितला असेल.

पेशवे पार्कबद्दल लोकांच्या मनात फार जिव्हाळा आहे आणि तो असायलाही हरकत नाही. पण प्राण्याच्या बाजूनं बघा. जागा जेमतेम सात एकर. लोखंडी गज, खाली सिमेंट, चारी बाजूंनी शहर वाढलेलं. वाघ सगळा दिवस गजांच्या कडेनं इकडून तिकडं चालत राही. आपल्याला वाटायचं, काय ऐटीत चालतोय. प्रत्यक्षात बंदिस्त जनावराला करण्यासारखं काही उरलं नाही की ते अशा एकसारख्या फेऱ्या मारतं. दावणीला कायम बांधलेली गाय मान हलवत राहते, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यातलाच हा प्रकार.

हे बदलायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली, कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. तेव्हापासून देशात कुणालाही या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्याऐवजी मोठं आवार, पशुवैद्य, आजारी प्राण्यासाठी वेगळी जागा, प्रत्येक प्राण्याची नोंद, हे सगळं सक्तीचं झालं. प्राण्यांना डिवचणं, खडे मारणं, काहीबाही खायला घालणं हा तर कायद्यानं गुन्हा आहे. सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी हे पोरांना आधीच सांगून ठेवावं.

दुसरी गोष्ट कात्रजला घडत होती. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं तिथं सर्पोद्यान सुरू झालं. पुढं जखमी आणि अनाथ वन्य प्राण्यांसाठी अनाथालयही त्याच आवारात आलं. पेशवे पार्कची जागा अपुरी पडत होतीच. महापालिकेनं कात्रजला तलावालगत मोठी जागा घेतली आणि १९९९ मध्ये नवं प्राणिसंग्रहालय लोकांसाठी उघडलं. पेशवे पार्कमधले प्राणी पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं तिकडं हलवले. एकूण जागा सुमारे १३० एकर, त्यातला ४२ एकराच्या आसपास तलावच. हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. जमिनीखालच्या नळांमधून त्याचं पाणी शहरातल्या हौदांपर्यंत जायचं. म्हणजे इथंही पेशवाई आहेच, पण शिकारखान्याच्या नव्हे, पाण्याच्या रूपानं.

कात्रजला गेलात की वाघाच्या आवारासमोर जरा थांबा. तुमच्या आणि वाघाच्या मध्ये गज नाहीत, खंदक आहे. खंदकाची ही पद्धत जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्यानं १९०७ मध्ये अशा खंदकांचं प्राणिसंग्रहालय उघडलं. जनावर किती लांब आणि किती उंच उडी मारतं हे मोजायचं आणि त्याहून रुंद खंदक खणायचा. युक्ती साधी, पण त्यानं बघणाऱ्याची नजर बदलते. गजांआडचा वाघ कैदी दिसतो. झाडाखाली मातीवर पसरलेला वाघ प्राणी दिसतो.

थोडक्यात, प्राणी आधी दौलतीसाठी होते, मग करमणुकीसाठी आले, आणि आता शिक्षण, सांभाळ आणि संवर्धन हे प्राणिसंग्रहालयाचं काम मानलं जातं. आपला राज्यप्राणी शेकरू, त्याच्या प्रजननाचं काम कात्रजला चालतं, ते या तिसऱ्या प्रकारातलं.

आता आपल्या भागाकडं येतो. सुरुवात बिबट्यापासून करू.

शिरूर तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे हे चार तालुके. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. ऊस बारा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, पाणी, रानडुक्कर, आणि बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला आणखी काय पाहिजे? मादी उसातच विते. आज उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. "जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला", हे वाक्य आपण सारखं ऐकतो. इथं ते लागू पडत नाही. या बिबट्यानं जंगल बघितलेलंच नाही. भीमेच्या पट्ट्यानं तो आता दौंड तालुक्यातही दिसू लागला आहे.

हा विषय हलक्यानं बोलण्यासारखा नाही, याची मला जाणीव आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात वीस-पंचवीस दिवसांत तीन माणसं गेली. त्यात दोन लहान लेकरं होती. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला कुणी निसर्गाचं प्रवचन देऊ नये. संताप होणारच. "सगळे पकडा आणि घेऊन जा" ही मागणीही होणारच. पण पकडून न्यायचं कुठं, हा प्रश्न आपल्याला प्राणिसंग्रहालयाच्या दारात आणून उभं करतो.

यापूर्वी काय झालं ते बघा. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात हल्ले वाढले, तेव्हा मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला. त्यांना काय आढळलं? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. पकडलेला बिबट्या पिंजऱ्यात धडका देतो, दात मोडतो, बिथरतो, अनोळखी मुलखात सुटतो आणि तिथून परत फिरतो. इकडं त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या, बऱ्याचदा नवखा, बळकावतो.

म्हणून मग पकडलेला बिबट्या कायमचा ठेवणं आलं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. वनखातं आणि वन्यजीव एस.ओ.एस. ही संस्था मिळून ते चालवतात. पण तिथल्या जागेलाही मर्यादा आहे, आणि कात्रजसारख्या ठिकाणी किती बिबटे ठेवायचे यालाही. बंदिस्त बिबट्या पंधरा-वीस वर्षं जगतो. तितकी वर्षं रोजचं मांस, डॉक्टर, माणसं. एकदा आत आलेला प्राणी सहसा बाहेर जात नाही. आताशा नसबंदीचा आणि दुसऱ्या राज्यांत पाठवण्याचा विचार चालू आहे, तो या कोंडीतूनच.

आता यात आपल्या हातात असलेली गोष्ट सांगतो. ऊसतोड चालू असते आणि फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजरीएवढी, डोळे जेमतेम उघडलेले. दया येते. कुणीतरी उचलतं, घरी आणतं, दूध पाजतं, फोटो निघतात. त्या पिल्लाचं बाहेरचं आयुष्य तिथंच संपलं. आई नाही, शिकार शिकवणारं कुणी नाही, म्हणजे जन्मभर पिंजरा. शिवाय इकडं पिल्लं गेलेली मादी रात्रभर त्याच शिवारात फिरते, ती वेगळीच.

याउलट वनखात्याला कळवलं, तर त्यांची माणसं येऊन पिल्लाची तपासणी करतात आणि संध्याकाळी जिथं सापडलं त्याच जागी खोक्यात ठेवतात. कॅमेरा लावतात, लांब थांबतात. रात्री आई येते, पिल्लाला मानगुटीला धरून घेऊन जाते. जुन्नर विभागात हे अनेकदा यशस्वी झालं आहे. एक फोन आणि एका रात्रीची तोड थांबवणं. एवढ्यानं एक पिंजरा वाचतो.

दुसरी बाजू माळाची. दौंडचा दक्षिणेकडचा भाग, सुपं, मोरगाव, तसंच इंदापूरचा माळ. तिथं झाडी नाही, गवत आहे. आपण त्याला पडीक म्हणतो, सरकारी कागदातही बराचसा तसाच आहे. पण लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक यांचं घर म्हणजे हेच गवत. चौफुल्याहून सुप्याकडं गेलं की मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली ते जाहीर झालं, क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, राज्यातल्या सगळ्यांत लहान अभयारण्यांपैकी एक. तिथं चिंकारा मोकळा बघायला मिळतो. भीमा ओलांडून कर्जतकडं गेलात तर रेहेकुरीला काळवीटांचं अभयारण्य आहे, १९८० चं.

लांडग्याला वाघाइतकंच, म्हणजे अनुसूची एकचं संरक्षण आहे. पण वाघासाठी जंगल राखायचं म्हटलं तर लोकांना पटतं, आणि लांडग्यासाठी गवत राखायचं म्हटलं तर हसू येतं. चांगल्या हेतूनं माळावर खड्डे खणून झाडं लावली जातात, आणि गवताचा प्राणी हद्दपार होतो. धनगरांना हे कळतं. लांडगा मेंढरू नेतो हे त्यांना माहीत असतं, आणि माळ गेला तर आपलंही चराऊ रान गेलं हेही माहीत असतं. उद्या लांडगा फक्त कात्रजच्या आवारात उरला, तर तो बघून पोरं म्हणतील, "हा कुठं असायचा?" तेव्हा उत्तर द्यावं लागेल, "आपल्या घरामागं."

आणखी एक धागा सांगतो. दुधाच्या धंद्यातल्या लोकांना तो लगेच कळेल. जुलै २०२५ मध्ये कात्रजला थोड्या दिवसांत पंधरा-सोळा चितळं दगावली. तपासणीत लाळ-खुरकूत निघाला. आपल्या गोठ्यातलाच रोग. खुरांच्या प्राण्यांना तो होतो, मग ते गोठ्यातलं असो की जंगलातलं. चारा, पाणी, माणसाचे कपडे, गाडीची चाकं, कशावरूनही तो जातो. म्हणून तुम्ही गोठ्यात लसीकरण वेळेवर करता, तेव्हा माळावरच्या चिंकाऱ्याचीही थोडी राखण करत असता. आणि घरी जनावरांना लाळ-खुरकूत असेल, तर त्या आठवड्यात प्राणिसंग्रहालयात जाऊ नका.

आता कात्रजला गेल्यावर काय बघावं. बुधवारी ते बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. शक्यतो सकाळी पोचा. दुपारी प्राणी झोपतात आणि आपणही कंटाळतो.

माझा सल्ला, सर्पोद्यानाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. पोरं नागराजाकडं पळतील, पळू द्या. पण तो आपल्याकडं आढळत नाही. आपल्या कामाचे साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडं विषबाधेनं माणसं दगावतात ती मुख्यतः या चारांमुळं, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी लस याच चार सापांच्या विषावर केलेली असते. घोणस आणि अजगर यांत गल्लत होते, मण्यार आणि कवड्या यांत होते. काचेआड शांतपणे पाहून फरक मनात बसवा. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे तीन रांगांत ठिपके असतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडं ठळक असतात. कवड्याचे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट. पण ओळख पटली नाही म्हणून चावल्यावर वेळ घालवायचा नाही. घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा.

मग लांडग्याच्या आवाराजवळ जा. कुत्रा आणि लांडगा यांतला फरक शोधा. लांब पाय, अरुंद छाती, तिरकस पिवळसर डोळे. पुढं कधी माळावर तो दिसला, तर ओळखता येईल. काळवीट आणि चिंकारा यांत फरक काय? काळवीटाची शिंगं पिळदार, नर काळपट. चिंकारा लहान, तांबूस, आणि त्याच्या मादीलाही छोटी शिंगं असतात. प्राणिसंग्रहालय म्हणजे अशी उजळणीची वही. खरा धडा घरी येऊन शिवारात गिरवायचा.

शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न.

"बिबट्या असताना मुलांना वस्तीवरून शाळेत कसं पाठवायचं?" एकटं नाही, हे पहिलं. दिवस मावळताना आणि पहाटे विशेष जपा. बिबट्या बहुतेक वेळा उभ्या माणसाला टाळतो. वाकलेलं, बसलेलं माणूस किंवा लहान मूल त्याला भक्ष्यासारखं वाटू शकतं. म्हणून उसालगत उघड्यावर शौचाला बसणं, वाकून गवत कापणं यात धोका जास्त. बोलत चला, बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा. शेळ्या-वासरांचा गोठा वरूनही बंद हवा. वस्तीजवळ मेलेल्या कोंबड्या, उष्टं-खरकटं टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. नगर जिल्ह्यात अकोल्याला झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचाच निघाला होता.

"मग प्राणिसंग्रहालयं बंदच का करू नयेत?" आत्ता बंद केली तर तिथले प्राणी कुठं जातील? पिंजऱ्यात वाढलेला बिबट्या बाहेर सोडता येत नाही. जखमी प्राण्यालाही जागा लागतेच. आणि ज्याला लांडगा कधीच दिसला नाही, तो लांडग्यासाठी माळ सोडायला तयार होणार नाही. प्राणिसंग्रहालय लागेल. ते भरत जाऊ नये, एवढं आपण बघायचं.

"आपल्या भागात एखादं प्राणिसंग्रहालय व्हावं का?" मला विचाराल तर आधी जे आहे ते बघा. चिंचोलीचे मोर आहेत, सुप्याजवळचा चिंकारा आहे, भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात. या सगळ्याला ना खंदक लागतो, ना मांसाचा रोजचा खर्च. गवत राखावं लागतं, पाणी स्वच्छ ठेवावं लागतं, आणि फडात पिल्लू दिसलं की वनखात्याला फोन करावा लागतो. हंगाम सुरू झाला की तोडणीला आलेल्या टोळ्यांनाही हे सांगा. तो क्रमांक आहे १९२६. मोबाइलमध्ये आत्ताच घालून ठेवा.